कांदा कोणी हुंगवला?

उत्तम,

गेल्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी लोकांना हसवलं. हे तुला आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल.

नांदेडच्या त्या विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्रिसरण-पंचशील झालं. तुझ्या शाळेचे जुने मुख्याध्यापक बोलले. क्रीडाशिक्षक म्हणून तुझी नेमणूक, तुझ्या बदल्या, तुझी सेवानिवृत्ती असं सगळं त्यांनी सर्व्हिस बुक वाचल्यासारखं वाचलं आणि लोक जांभया आवरू लागले. मग कुणीतरी म्हणालं, "दिगंबरराव, तुमी बोला. तुमी त्यांचे जिवाभावाचे." माइक माझ्या हातात आला. माइक हातात आला की माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. उभा जन्म लातूर-नांदेडच्या मैदानांवर कबड्डीचं धावतं समालोचन करण्यात गेला माझा. समोर शांतता असली की मला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. मी घसा खाकरला आणि कांद्याचा किस्सा सांगितला.

तोच, नेहमीचा. आपलं कॉलेज, उदगीरचं मातीचं मैदान, फायनल. समोरच्या संघाच्या डाव्या कोपऱ्यात उभा असलेला तो रेड्यासारख्या मानेचा गडी. त्यानं तुला कमरेला धरून उचललं आणि असं आपटलं की तुझं डोकं मैदानाच्या कडेला पुरलेल्या दगडावर गेलं. तू बाद. बाहेर बसलास, डोळे उघडे, पण नजर कुठे तिसरीकडेच. खेळ संपायला थोडा वेळ उरलेला आणि आपण तीन गुणांनी मागे. तेवढ्यात आपण त्यांचा एक गडी टिपला आणि त्याच्या बदल्यात बाद झालेला तू उठलास, म्हणजे नियमानं उठलास, अंगानं नव्हे. "मग कुणीतरी भज्याच्या गाड्यावरून कांदा आणला," असं मी सांगतो, "बुक्कीनं फोडला, उत्तमच्या नाकाला लावला. गड्यानं दोन श्वास घेतले न् घेतले तोच थेट चढाईला! डाव्या कोपऱ्यातल्या त्या रेड्यालाच शिवून आला, येता येता आणखी दोघांना. ढाल आपली! सगळ्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि खांद्यावर बसून हा मला विचारतो, 'दिग्या, मॅच कवा चालू व्हनार हाय रे?'"

इथे लोक हसतात. लग्नात हसलेत, सत्कारात हसलेत, तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तर तुझ्या शाळेतले शिपाईसुद्धा हसले. परवा विहारातही हसले. आधी तोंडावर हात ठेवून, मग मोकळेपणानं. मी पण हसलो. हसता हसता समोर पाहिलं तर पहिल्या रांगेत सुमनवहिनी मांडीवरच्या पदराच्या घड्या घालत बसल्या होत्या आणि प्रज्ञा माझ्याकडे बघत होती.

तुझी लेक अमेरिकेहून दीड दिवसाचा प्रवास करून आलेली. डोळे सुजलेले. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चपला शोधताना ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "काका, कांदा कोणी हुंगवला होता?"

उत्तम, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. किस्स्यात 'कुणीतरी' आहे ना, ते लोकांना पुरतं. मी चपलेत पाय घालत म्हणालो, "आता आठवत नाही बेटा. लई जुनी गोष्ट." आणि माझी लातूरची गाडी आहे असं सांगून निघालो. गाडीला दोन तास अवकाश होता. ते दोन तास मी स्टँडवर बसून काढले.

आता आपल्या त्या भांडणाबद्दल. ते अर्धंच राहिलं.

निवृत्तीआधी साठलेली रजा घेऊन तू प्रज्ञाकडे टेक्सासला सहा महिने राहून आलास आणि येताना चॉकलेटाऐवजी अमेरिकन फुटबॉलचं वेड घेऊन आलास. मला वाटलं होतं तू तिथल्या रस्त्यांबद्दल बोलशील. सगळे तेच बोलतात. तू लातूरला माझ्या घरी आलास, पाण्याचा तांब्या बाजूला सारलास आणि टीपॉयवर काड्या मांडून मला खेळ समजावलास. "सुरवातीला काई कळंना मला. खेळतेत कमी आन् थांबतेत जास्त. मग ध्यानात आलं, ही तर आपलीच कबड्डी हाय. समोरच्याच्या हद्दीत घुसून जमीन मारायची. फक्त डोक्यावर टोप घालून." मग तिथल्या रविवारच्या गोष्टी. दुपारी रस्ते ओस, घराघरावर संघाचे झेंडे, म्हाताऱ्या बायकांच्या अंगातसुद्धा खेळाडूच्या नावाचे सदरे. जावई एरवी शब्द मोजून बोलणारा माणूस, तोही सोफ्यावर उभा राहून ओरडतो, हे सांगताना तू किती हसलास.

पुढे तुझा सोमवार सकाळचा फोन ठरूनच गेला. तिथे रविवारची संध्याकाळ आणि इथे आपला दाढी करायचा वेळ. "दिग्या, बघायलास का?" मी म्हणायचो, "तुला काय खूळ लागलं? आपल्या जिल्ह्याच्या स्पर्धेला गडी मिळंनात आन् तू तिकडचं बघत बसलास." तू म्हणायचास, "त्याच्यासाठीच बघायलो."

तुझं म्हणणं असं की हा खेळ फार दिवस टिकत नाही. माणसं वेडी आहेत, पैसा आहे, सगळं खरं. पण प्रज्ञाच्या शेजारी राहणारा तो माणूस तू मला इतक्या वेळा सांगितलास की तो मला रस्त्यात भेटला तरी ओळखू येईल. दारात संघाचा झेंडा, गाडीला संघाचं चित्र, हरले की दोन दिवस कुणाशी बोलायचा नाही. आणि पोराला मात्र त्यानं पोहायला घातलेलं. तू जावयाला मधे घालून विचारलंस, अहो, तुमचा मुलगा नाही का खेळत? तो म्हणाला, बायको नको म्हणते, डोक्याला लागतं. "जो घरातलं लेकरू खेळायला धाडत न्हाई त्याच्या टाळ्यांवर खेळ किती दिस जगंल?" तू विचारायचास. "झरा आटला तरी विहिरीत पानी दिसतंच की काही दिवस."

मी माझी बाजू ठासून मांडायचो. मी म्हणायचो, टिकेल, शंभर टक्के टिकेल. लोकांना धडक बघायला आवडते. आपल्याकडे रेड्यांच्या टकरीला लोक जमतात तेव्हा घरचा रेडा आणतात का सगळे? आणि एकदा, मला तो सोमवार चांगला आठवतो, अर्ध्या गालाला साबण होता, मी म्हणालो, "अरे, ह्याचं न्हाई तर त्याचं. कुनाचं तरी लेकरू मिळतंच."

तू म्हणालास, "हाव. मिळतंच." आणि एकदम विषय बदलून विचारलंस, "आपल्या अमोलचा गुडघा कसा हाय आता?"

ब्लेड गालावरच थांबलं माझं. माझा अमोल सातवीत असताना कबड्डीसाठी जीव टाकत होता. तू सुट्टीत आमच्याकडे आलास, गल्लीत त्याचा खेळ पाहिलास आणि मला म्हणालास, "पोराच्या पायात वीज हाय, माझ्याकडं दे दोन वर्षं." मी तुला सांगितलं की डॉक्टरांनी गुडघ्यासाठी खेळ बंद करायला लावलाय. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. मी त्याला क्लासला घातला. लातुरात दर दोन घराआड एक क्लास, मीही सगळ्यांसारखाच बाप. त्याच आठवड्यात एका तालुक्याच्या स्पर्धेत माइकवर मी पालकांना सांगत होतो की आपली मुलं मैदानावर पाठवा, मातीशी नातं जोडा. ते वाक्य मी आजही वापरतो. अमोल आता पुण्यात नोकरी करतो, रविवारी बॅडमिंटन खेळतो, आणि गुडघा अगदी ठणठणीत आहे. तुला काय म्हणालो मी फोनवर? "बरा हाय आता, थंडीत जरा दुखतो." पायाबद्दलचं खोटं मला फार सहज जमतं, उत्तम. का, ते खाली येतंच आहे.

तू त्या फुटबॉलमधली आणखी एक गोष्ट सांगितली होतीस. ती फक्त एकदाच सांगितलीस, फोनवर नाही, गोदावरीच्या घाटावर बसून. एका गड्याची धडक झाली, तो उठला पण पाय वाकडे पडायला लागले. लगेच त्याला बाहेर घेतलं. मैदानाच्या कडेला एक लहानसा तंबू असतो, त्यात नेलं, डॉक्टरनं तपासलं. पुन्हा काही तो खेळायला आला नाही. त्याचा संघ हरत होता, लोक ओरडत होते, तरी नाही. "पाठवलंच न्हाई त्याला," तू म्हणालास. नदीकडे बघत होतास. "पूर्वी तिथंबी पाठवायचे म्हनं. आता न्हाई पाठवत." मग जरा थांबून, "दिग्या, तो कांद्याचा किस्सा आता नको सांगत जाऊ."

मी विचारलंही नाही का म्हणून. म्हणालो, "बरं." त्यानंतर पंधरा दिवसांत अहमदपूरच्या एका सत्कारात सांगितला. लोकांनी फर्माईश केली, मी काय करू, असं मनाला सांगितलं. मग तुझ्या निवृत्तीच्या समारंभात, तुझ्या देखत. तू मान खाली घालून हसलास. मला वाटलं विसरलास नको म्हणाल्याचं. तोवर तू बरंच काही विसरायला लागला होतास आणि मला ते सोयीचंच पडलं.

आधी डोकेदुखी. मग राग. तू, ज्यानं पोरांवर कधी हात उगारला नाही, त्यानं दूधवाल्याला पातेलं फेकून मारलं. मग शेवटच्या दोन वर्षांत नांदेडच्या ज्या गल्ल्यांत तू सायकलवर नोकरी केलीस तिथंच वाट चुकायला लागलास. एकदा तर रेल्वे स्टेशनवर सापडलास, कुठल्या गाडीत बसायचं तेच सांगता येईना. मेंदूच्या डॉक्टरांकडे मी आलो होतो तुझ्याबरोबर. त्यांनी विचारलं, तरुणपणी डोक्याला कधी जबर मार लागला होता का? वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या, कारण त्या काळातलं मलाच ठाऊक. मी म्हणालो, "खेळताना लागतंच थोडंफार, कबड्डीपटू होते." डॉक्टर म्हणाले, त्यानंच झालं असं नक्की सांगता येत नाही, वय असतं, रक्तदाब असतो. त्या 'नक्की सांगता येत नाही'ला मी किती घट्ट धरून बसलो. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायलो आणि तो मला गोड लागला, एवढं सांगतो.

आता खरं काय घडलं ते. तुला सांगायची गरज नाही असं मला बुधवारी कळलं, पण लिहितोच.

कांदा मी आणला. टाइमआउट घेऊन भज्याच्या गाड्यावरून मीच आणला, गुडघ्यावर ठेवून बुक्कीनं मीच फोडला, तुझ्या नाकाला मीच लावला. तेव्हा कुणालाही चक्कर आली, फेफरं आलं तर आपल्याकडे कांदाच हुंगवायचे, त्यात पाप नव्हतं. पाप पुढे आहे. चढाई माझी होती. कप्तान मी होतो, पाळी माझी होती, दोन गुणांनी मागे होतो आणि समोर तो डावा कोपरा उभा होता. तुझ्या डोक्याचा दगडावर झालेला आवाज मी ऐकला होता. मी त्या कोपऱ्याकडे पाठ फिरवली. मी तुझे गाल थोपटले आणि म्हणालो, "उत्तम, तूच जा. माझा पाय मुरगळलाय."

पाय मुरगळलेला नव्हता.

तू माझ्या पायाकडे पाहिलंस, मान हलवलीस आणि गेलास.

पुढे कितीदा तरी मी मनाशी म्हटलंय की तू आमच्यातला सगळ्यात चांगला चढाईपटू होतास म्हणून तुला पाठवलं. होतासच. पण उत्तम, आपल्या संघात अवघड चढाईला नेहमी तूच का असायचास, याचाही मी या चार दिवसांत विचार केला. आम्ही सात-बारावाली पोरं. जेवायच्या वेळी तुझा डबा उघडला की आमच्यातले दोघं हळूच सरकून बसायचे, ते मी पाहायचो आणि काही बोलायचो नाही. आणि अडचणीच्या वेळी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच, उत्तम्याला धाडा. 'कुणाचं तरी लेकरू मिळतंच' हे मी तुला अमेरिकेबद्दल सांगत होतो. माझी जीभ झडली कशी नाही!

बुधवारी मी पुन्हा नांदेडला आलो. प्रज्ञा बँकेच्या कामाला गेली होती, घरात वहिनी एकट्याच तुझ्या शाळेच्या फायली बांधत होत्या. मी बसलोही नाही. उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, कांदा मी हुंगवला होता. चढाई माझी होती. मी भ्यालो होतो. पाय मुरगळला म्हणून खोटं बोललो आणि उत्तमला धाडलं."

वहिनींनी सुतळीची गाठ मारली. वर न बघताच म्हणाल्या, "माहीत हाय, भावजी."

मी म्हणालो, त्याला तर त्या मॅचमधलं काहीच आठवत नव्हतं.

"मॅच न्हाई आठवायची. चढाई न्हाई, ढाल न्हाई. पर कांद्याचा वास आठवायचा. तुमचा हात आठवायचा. आन् 'पाय मुरगळला' म्हनलेलं आठवायचं." मग त्या चक्क हसल्या, उत्तम, रडत रडत हसल्या. "म्हनायचे, बघ सुमन, पाय मुरगळला म्हनला आन् ढालीच्या मिरवनुकीत हलगीवर तासभर नाचला. शेवटी शेवटी माझं नाव इसरले, पोरीचं इसरले. हे न्हाई इसरले."

नाचलो होतो मी. हलगीपुढे, दोन्ही पायांवर. तू कुणाच्या तरी खांद्यावर बसून वरून बघत होतास.

मी विचारलं, मग तो मला कधी बोलला कसा नाही? किस्सा सांगताना हसायचा कसा?

"म्या बी तेच इचारायची. कामून हासता म्हनलं, त्यो खोटं सांगायलाय आन्. तर म्हनायचे, एवढ्या मान्सांत त्याचं त्वांड कुठं पाडू. एकादिवशी सोताहून म्हनंल त्यो." त्यांनी फायलींचा गठ्ठा बाजूला ठेवला. "लई वाट बघितली त्यांनी तुमची."

मी तिथेच जमिनीवर बसलो. माफी मागायला लागलो तर वहिनींनी हात वर करून थांबवलं. तुला ठाऊक आहे त्यांचा आवाज चढत नाही. म्हणाल्या, "माज्यापाशी कशाला सांगता, भावजी? जिथं हासवलं तिथं सांगा."

उत्तम, आपलं भांडण असं अर्ध्यावर सोडून गेलास, तर माझं शेवटचं म्हणणं ऐक. तू चुकलास. तो फुटबॉल टिकेल, आपली कबड्डीही टिकेल. शेजाऱ्याच्या पोराच्या जिवावर नाही, माझ्यासारख्यांच्या जिवावर. ज्याला लागलं तो विसरतो किंवा विसरल्यासारखं करतो, आणि ज्यानं पाठवलं तो त्याचा किस्सा करतो. किस्सा चांगला असला की पुढच्या वर्षी आणखी माणसं येतात. हे बोलताना मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नाही. पण तंबू उभारायला कुणालातरी आधी माइकवर सांगावं लागलं असेल ना, की आम्ही चुकीचं पाठवत होतो? असा एखादा तिकडे निघाला असेल. तेवढ्यापुरती तुझ्या म्हणण्यालाही जागा ठेवतो.

परवा रविवारी उदगीरला स्पर्धा आहे. तेच मैदान, आता गाद्या टाकतात. उद्घाटनाला तुला श्रद्धांजली ठेवली आहे. संयोजकांचा काल फोन आला, म्हणाले, "सर, दोन मिनिटं शांतता, आन् मग तुमी त्यो कांद्याचा किस्सा सांगा. लोकायला आवडतो." मी हो म्हणालो. काय सांगणार आहे ते त्यांना सांगितलं नाही. वहिनींना आणि प्रज्ञाला मात्र या म्हणालोय. येतो म्हणाल्यात दोघी.

कालपासून तीच भीती आहे, त्या दिवशीची. पाय मुरगळला, घसा बसला, ताप आला, सगळी कारणं जिभेवर येऊन बसली आहेत. पण पाळी माझी आहे, उत्तम, आणि या वेळी माझ्या जागी पाठवायला तू नाहीस.

तुझा,
दिग्या